बुधवारची उलटी रांग

मला नळदुर्गच्या मिशनच्या दवाखान्यात ठेवून घेतलं ते तिथल्या गोऱ्या डॉक्टरीणबाईंनी, मिसीबाईंनी. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढं त्यांच्याबद्दल हसण्यासारखं बरंच येणार आहे. जिच्या घरचं मीठ खाल्लं तिचीच ही बाई नक्कल करतेय, असं कुणाला वाटायला नको. नक्कल मी करते, हे खरं आहे. त्यांच्या तोंडावरही करायचे. मिसीबाई हसता हसता खुर्चीवरून घसरायच्या आणि मग खुर्चीची माफी मागायच्या.

खुर्चीची माफी हे मी बनवून सांगत नाही. त्यांच्या देशात म्हणे कुणाला नुसता कोपर लागला तरी माफी मागतात. मिसीबाईंना ती सवय इतकी होती की समोर माणूस आहे की कपाट, हे बघायच्या आधी तोंडातून शब्द निघायचा. दाराला धडकल्या, "माफ करा." बाजारच्या दिवशी एक म्हैस त्यांच्या पायावर पाय देऊन गेली, तर म्हशीलाच "माफ करा." आमचे कंपाउंडरसाहेब मुसलमान, हैदराबादेकडचे, फार सभ्य माणूस. ते म्हणायचे, "मिसीबाई, भैंस ने आपका क़ुसूर माफ कर दिया, अब पाँव तो दिखाइए." अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं.

दुसरी त्यांची सवय हवेची. सकाळी व्हरांड्यात आल्या की बसलेल्या प्रत्येकाला सांगायच्या, "आज हवा चांगली आहे." वैशाखात, बारा वाजता, सडकेवरचं डांबर पायाला चिकटत असतानाही चांगली. शेतकरी माणसाला हवेचं खोटं बोलणं समजत नाही. एखादा बापडा पटका काढून, डोकं खाजवत विचारायचा, "कुठं चांगली वो मिसीबाई? ढगाचा पत्ता न्हाय." मग मिसीबाई आभाळाकडं बघून त्याचीही माफी मागायच्या.

त्यांचं मराठी शुद्ध होतं, पण पोथीतलं. "खचित", "पाहा", "यास्तव" असे शब्द त्या भाकरीसारखे रोज वापरायच्या. मला एकदा म्हणाल्या, "मुली, मी तुला खचित सांगते, दूध उतू जात आहे." एवढं सांगेपर्यंत ते गेलंही होतं.

मी नगर जिल्ह्यातली. आईवडील राहिले नव्हते, भाऊ-भावजयीकडं होते. दवाखान्याला सातवी पास बाई पाहिजे, असं मिशनच्या पत्रकात आलं, तेव्हा भावानं माझ्याकडून अर्ज लिहून घेतला आणि 'शिकलेली' एवढंच त्यात घातलं. सोलापूरच्या पुढं निजामाची मोगलाई लागते, तिथं करोडगिरीच्या म्हणजे जकातीच्या नाक्यावर शिपायानं माझी ट्रंक उपसली, तेव्हा मला वाटलं, हा आता माझी सातवीसुद्धा शोधणार. मिसीबाईंसमोर उभी राहिले आणि त्यांनी काही विचारायच्या आधीच बोलून टाकलं, "सातवी नाही. चौथी. तीही अर्धी."

त्यांनी चष्मा वर केला. "अर्ध्या चौथीत काय शिकलीस?"

"एकोणतीसपर्यंत पाढे. आणि रांगेत उभं राहायला."

"रांगेत!" त्या एवढ्या खूष झाल्या की मला भीती वाटली. "कंपाउंडरसाहेब, पाहा! इथं येऊन मला सहा वर्षं झाली, रांगेत उभं राहणारं पहिलं माणूस आज आलं."

अशी मी तिथं राहिले.

जर्मनीची मोठी लढाई चालू होती. मिसीबाईंना एक धाकटी बहीण होती, त्यांच्या देशात एका लहान गावात एकटी राहायची. तिची पत्रं दोन दोन, तीन तीन महिन्यांनी यायची, सेन्सॉरनं मधेमधे कातरलेली. डोळ्यांपुढं धरली तर भोकांतून पलीकडचं माणूस दिसायचं. दवाखाना उघडायच्या आधी प्रार्थना असे. दुसऱ्या मिशनांत त्या वेळी शास्त्रातला उतारा वाचतात. मिसीबाई बहिणीचं पत्र वाचायच्या, तिथल्या तिथं मराठी करून, आणि त्यातून काहीतरी बोध काढायच्या. त्यांचं म्हणणं असं की प्रभूनंसुद्धा पीठ, जाळं, हरवलेलं मेंढरू अशाच घरच्या गोष्टी सांगितल्या. "माझ्या बहिणीकडं मेंढरू नाही. शेजारणीच्या कोंबड्या आहेत. चालेल."

चाललं म्हणजे काय, धावलं. त्या शेजारणीच्या कोंबड्या बहिणीच्या वाफ्यात घुसून पालक खायच्या. बहीण दर रविवारी देवळात ठरवायची की आज क्षमा करीन, आणि घरी येऊन बघायची तर पालक गेलेला. नळदुर्गच्या, जळकोटच्या, लोहाऱ्याकडच्या बायाबापड्यांना त्या परक्या गावातल्या कोंबड्यांचा रंगसुद्धा पाठ होता. एक लिंगायत म्हातारे दुकानदार कंबरदुखीसाठी यायचे. कंबर बरी होऊन महिना झाला तरी येऊन बसायचे. कंपाउंडरसाहेबांनी विचारलं, "अब क्या दुखता है, शेठजी?" तर म्हणाले, "दुखत काय न्हाय. पर त्या पांढऱ्या कोंबडीचं काय ठरलं, कळल्याबिगर दुकानात ध्यान लागंना."

बोध कधी निघायचा, कधी नाही. बहिणीनं लिहिलं होतं, चहा मिळत नाही म्हणून तीच पत्ती तीन दिवस उकळते. मिसीबाईंनी पत्र खाली ठेवलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "तिसऱ्या दिवशी प्रभू उठला. चहा मात्र उठला नाही." मग स्वतःच इतक्या हसल्या की प्रार्थना तिथंच संपली. मी घाबरून वर बघितलं, आता वीज पडते की काय. माझा स्वभावच तसा. मिसीबाई म्हणाल्या, "देवाला हसू येत नसतं तर त्यानं उंट कशाला केला असता?"

एका पत्रात रांगेची गोष्ट आली. त्या देशात लढाईमुळं सगळ्यालाच रांग. बहीण मासळीच्या दुकानापुढं उभी राहिली, तर पन्नास माणसांच्या मागं, कोपऱ्याच्या पलीकडं. दुकानदाराच्या पुढच्या दाराची कडी अडकली. त्यानं मागचं दार उघडलं, ते नेमकं बहिणीसमोर. शेवटची बाई पहिली झाली! पहाटेपासून उभ्या असलेल्या बाया पेटल्या. बहिणीनं मासळी घेतली, आणि जी बाई सगळ्यात पुढं उभी होती तिला शोधून तिच्या पिशवीत अर्धी टाकली.

ही गोष्ट वाचून मिसीबाईंना झोप लागेना. जे मागं पडले ते पुढं येतील, असं प्रभूनं सांगितलंय, आणि आपल्या दवाखान्यात काय चाललंय? नळदुर्गची माणसं घरून उठून येतात, पहिल्या नंबराचे बिल्ले घेतात. वीस मैलांवरून गाडी जुंपून येणारा उशिरा पोचतो आणि दिवसभर शेवटी बसतो. हे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. त्यांनी ठरवलं, दर बुधवारी रांग उलटी. पत्र्याचे बिल्ले आलेल्या क्रमानंच द्यायचे, पण आत घ्यायचं शेवटच्या नंबरापासून.

बिल्ले वाटायचं काम माझं.

पहिल्या बुधवारी लांबचे लोक खूष झाले. दुसऱ्या बुधवारी गावाला अक्कल आली. तिसऱ्या बुधवारी मी सातला बिल्ल्यांची पेटी घेऊन बसले तर व्हरांड्यात चिटपाखरू नाही. सगळे सडकेपलीकडच्या लिंबाखाली बसलेले. कुणीही पुढं येईना.

"मावशी, तुमी व्हा की फुडं."

"न्हाय बाई, तुमी थोर. तुमी आधी."

"आमी काय थोर? तुमचं दुखणं थोर. तुमी जावा."

असा मान आजवर नळदुर्गात कुणी कुणाला दिला नव्हता. कंपाउंडरसाहेब खिडकीतून बघत होते. म्हणाले, "लखनऊ हो गया हमारा नळदुर्ग." मिसीबाई मात्र आनंदानं फुलल्या. "पाहा! लोक एकमेकांना पुढं करायला शिकले." मी सांगायला पाहिजे होतं की ही नम्रता नाही, ही चलाखी आहे. पण अर्ध्या चौथीच्या बाईनं काय सांगायचं? नियम त्यांचा होता, आणि मला नियम मोडायची फार भीती. मी नुसते बिल्ले पुसून पुसून चकचकीत केले.

श्रावणातला एक बुधवार. मी पेटी उघडली तेव्हा एक बाई आधीच पायरीवर बसलेली. लोहाऱ्याच्याही पलीकडची, पहिल्यांदाच आलेली. आदल्या रात्रीच गाडी जुंपून निघाली होती. तिला बुधवारचं ठाऊक असायचं कारण नव्हतं. मराठी थोडं, कानडी जास्त. पदरात दोनेक वर्षांचा पोरगा. मी तिला एक नंबरचा बिल्ला दिला आणि समजावून सांगितलं की आज एक म्हणजे शेवटी. तिनं मान हलवली. "आगली, अक्का, आगली." होऊ दे म्हणाली. मी पोराकडं बघितलं. डोळे मिटलेले, अगदी शांत. मी खुणेनं विचारलं, झोपलाय का? ती म्हणाली, "मलग्यान." मला एवढं कानडी समजत होतं. झोपलाय.

झोपलेलं पोर म्हणजे बरं पोर, असं मला वाटलं. रडणाऱ्यांकडं माझं लक्ष.

नऊ वाजले, दहा वाजले. लिंबाखालची माणसं एकेक करून येत होती, उशिराचे नंबर घेत होती आणि आधी आत जात होती. ती बाई पायरीवरच. मधे एकदा तिनं बिल्ला बघितला, मी मान हलवली, अजून नाही. तिनं वाद घातला नाही, की हात जोडले नाहीत. मिसीबाईंचा नियम आहे म्हटल्यावर तिच्या दृष्टीनं तो देवाचाच.

साडेदहाला मिसीबाई हात पुसत बाहेर आल्या. पायरीवर नवीन माणूस बघून नेहमीप्रमाणं खाली वाकल्या, "आज हवा..." आणि तिथंच थांबल्या. पोराच्या पोटाची कातडी त्यांनी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, मळलेल्या कणकेसारखी. त्यांनी पोर उचललं आणि धावल्या. वाटेत त्या औषधाच्या टेबलाला, दाराला, कंपाउंडरसाहेबांना धडकल्या, पण कुणाचीही माफी मागितली नाही. तेव्हा मला कळलं की काय झालंय.

रात्रभर हगवण लागून पोरातलं सगळं पाणी गेलं होतं. ते झोपलं नव्हतं, विझत होतं, आणि मी ते सातपासून बघत होते. त्यांनी त्याच्या मांडीत सुई घालून मिठाचं पाणी सोडलं, एका मांडीत, मग दुसऱ्या. मी पाणी उकळताना अर्धं चुलीत सांडलं, तेव्हा कंपाउंडरसाहेबांनी माझ्या हातातून भांडं काढून घेतलं. रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "बैठ जाओ, बहन." ते मला जास्त लागलं.

दुपार टळली तरी काही नाही. चारच्या सुमारास पोरानं ओठ हलवले. संध्याकाळी आईला लागून ते प्यायला लागलं. मी माझ्या खोलीत जाऊन ट्रंक भरली. परत भावजयीच्या दारात उभं राहायचं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. पण आता इथं कोणत्या तोंडानं राहायचं?

मिसीबाई दारात आल्या. "कुठं?"

"नगरला."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे, मिसीबाई? मी त्याला सात वाजता बघितलं होतं."

त्या ट्रंकेवर बसल्या. ट्रंक चेपली, पण त्यांना ते कळलंही नाही. "रांग मी उलटी केली. गावानं ती आणखी उलटवली, ते मला दिसलं नाही, कारण मला माझा बोध फार आवडला होता. तू फक्त बिल्ले वाटलेस. माझं पाप घेऊन नगरला कुठं निघालीस? मोटरवाला जास्त सामान घेत नाही."

मला रडता रडता हसू फुटलं. त्याही हसल्या, आणि त्यांचेही डोळे भरलेले होते.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला त्यांनी पत्र वाचलं नाही. हॅट काढून हातात घेतली आणि त्या बाईसमोर जाऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांदेखत सांगितलं की चूक माझी झाली, त्या चुकीपायी तुमचं लेकरू जाणार होतं, मला माफ करा. त्यांच्या त्या खचित-यास्तवच्या मराठीतून तिला निम्मंच कळलं. शेठजींनी बाकीचं कानडीत सांगितलं. ती बाई इतकी लाजली की तिनं पदर तोंडावर ओढला. "मिसीअव्वा, असं का करालाव? पोरगं जित्तं हाय न्हवं? मग?" व्हरांड्यात कुणी हसलं नाही. म्हशीची माफी मागणाऱ्या मिसीबाई सगळ्यांना ठाऊक होत्या, ही माफी मात्र कुणी ऐकली नव्हती.

बिल्ल्यांची पेटी त्या दिवशी बंद झाली. मिसीबाई मला म्हणाल्या, "आता सरळ रांग नाही आणि उलटीही नाही. तू रांगेतून चालायचं. एकेकाचं तोंड बघायचं, पापणी बघायची, लेकराची कातडी धरून बघायची. ज्याला थांबता येत नाही, तो पहिला."

"मला जमेल का?"

"काल जमलं नाही. म्हणून तुलाच सांगते."

तेव्हापासून मी रोज सकाळी रांगेतून चालते. शांत लेकरू दिसलं की आधी त्याच्याकडं जाते.

लढाई संपली त्या थंडीत मिशनचे मोठे साहेब तपासणीला आले. मिसीबाईंनी ती हकीकत रिपोर्टात स्वतःच लिहून पाठवली होती. मी चहा देत होते. साहेब इंग्रजीत बोलत होते आणि माझ्याकडं बघत होते. मिसीबाई हसून उत्तरं देत होत्या. साहेब गेले, मी राहिले, आणि संध्याकाळपासून मिसीबाईंनी मला दाईपणाच्या परीक्षेचं पुस्तक शिकवायला घेतलं. मला वाटलं, साहेब चांगले दिसतात.

पहिल्या वर्षी मी नापास झाले. मिसीबाई म्हणाल्या, "हरकत नाही, मुली, झोपलेलं पोर आणि विझणारं पोर यांतला फरक तुला कळतो, बाकी पुढच्या वर्षी." दुसऱ्या वर्षी पास झाले. मग पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षी त्या मुंबईहून बोटीनं घरी जायला निघाल्या. त्यांची मोटर धुळीत दिसेनाशी झाली, तेव्हा कंपाउंडरसाहेबांनी मला सांगितलं की त्या चहाच्या दिवशी आत काय बोलणं झालं होतं.

साहेबांनी दोन गोष्टी पुढं ठेवल्या होत्या. या बाईला काढा, आम्ही शिकलेली नर्स पाठवतो, आणि तुम्ही पुढच्याच बोटीनं रजेवर घरी जा. किंवा हिला ठेवा, पण मग ही पास होईपर्यंत दुसरं कुणी मिळणार नाही आणि रजाही नाही. मिसीबाईंना घरी जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"उन्होंने सोचने का वक़्त भी नहीं लिया," कंपाउंडरसाहेब म्हणाले. "बोलीं, ही राहील."

"मला का नाही सांगितलं तुम्ही?"

"क़सम दी थी. बोलीं, ही आधीच घाबरट आहे, कळलं तर दर वर्षी नापास होईल."

त्या दोन वर्षांत बहिणीची पत्रं दुसऱ्याच अक्षरात यायला लागली होती. ती कोंबड्यांची शेजारीण लिहून द्यायची. आम्ही समजत होतो की दोघींचं भांडण मिटलं म्हणून असेल. खरं म्हणजे बहिणीची नजर जात चालली होती. मिसीबाई घरी पोचल्या तेव्हा नजर पुरती गेली होती. त्यांनीच मला नंतर लिहिलं, एकाच ओळीत, की बहिणीनं माझं तोंड हातांनी चाचपून पाहिलं आणि म्हणाली, तू म्हातारी झालीस. पुढं लगेच हवेचं लिहिलं होतं, चांगली आहे म्हणून.

पहिल्या वर्षी मी पास झाले असते, तर निदान एक वर्ष आधी त्या तिथं असत्या. आधीच ट्रंक घेऊन निघून गेले असते, तर दोन वर्षं. बहिणीला बहीण दिसली असती. मी हे मनात किती वेळा केलं असेल, त्याला गणती नाही. मिसीबाईंना लिहिलं तर त्यांचं उत्तर येतं की असली बेरीज-वजाबाकी मी अर्ध्या चौथीतच सोडून द्यायला हवी होती.

मी सोडणार नाही. मोगलाई गेली, दवाखाना आता दुसऱ्यांच्या हाताखाली आहे, मी अजून नळदुर्गात आहे. माझ्या हाताखाली दोन मुली शिकताहेत. त्या पास झाल्या की मी मोकळी. मिसीबाई, मी तुमच्याकडं येणार आहे. तिकिटाचं कसं जमेल ते जमेल. बोट मी कधी बघितलेली नाही, नदीतल्या नावेतसुद्धा माझा जीव वरखाली होतो, आणि तुमच्या देशात मला पाणी मागायलाही येणार नाही. तरी येईन. तुम्हा दोघींचं सगळं करीन, तुमच्या बहिणीला रोज हाताला धरून अंगणात नेईन, तिथं काय काय आहे ते माझ्या मराठीत सांगेन, आणि तुम्ही नुसत्या बसून राहायचं. पुरी दोन वर्षं राहीन. एक दिवस कमी नाही.